दहा राग, तीन यंत्रं

१९८२ साली मुंबईच्या एका वादकाने ध्वनिमुद्रित केलेली तबकडी एचएमव्हीने बाजारात आणली. नाव होतं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी बास गिटार आणि कीबोर्ड वाजवला होता. लाखो लोकांच्या कानांवर त्यांचं वादन पडलेलं होतं, नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या काळच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार छापले जात. मागे बसलेला वादक क्वचितच.

तो काळ डिस्कोचा. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ चित्रपटातलं नाझिया हसनचं गाणं गाजलं आणि १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. चरणजित सिंगांनी त्या लाटेवर गाणी मात्र बसवली नाहीत. त्यांनी ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, मालकंस असे दहा राग घेतले आणि सिंगापूरहून आणलेल्या तीन जपानी यंत्रांवर एकट्याने वाजवले. ठेक्याला टीआर-८०८, बासला टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीला जुपिटर-८. तिन्ही रोलँड कंपनीची. तबकडी चालली नाही. रागदारीच्या श्रोत्याला त्यात डिस्को दिसला, डिस्कोवाल्याला राग.

यांतलं टीबी-३०३ हे यंत्र नीट समजून घ्यायला हवं. एकट्या गिटारवादकाला सरावाच्या वेळी बासची साथ मिळावी, एवढ्यासाठीच ते काढलं होतं. त्यात सोळा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक स्वर भरायचा आणि यंत्र सुरू केलं की तेच आवर्तन फिरत राहतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात होती. खऱ्या बाससारखं वाजत नाही म्हणून गिटारवाल्यांनी ते नाकारलं आणि १९८४ पर्यंत कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. पण मींड कानात मुरलेल्या वादकाला त्या घसरणीचं काय करायचं ते सांगावं लागत नाही. यंत्राचा हा गुण मुंबईत पहिल्याच झटक्यात ओळखला गेला, हे चरणजित सिंगांचं फार मोठं श्रेय आहे.

तिकडे शिकागोत हेच टाकून दिलेलं यंत्र कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती स्वस्तात पडलं. १९८७ मध्ये ‘फ्यूचर’ या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ निघालं आणि ॲसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. त्याच शहरात लॅरी हर्डने १९८६ मध्ये ‘कॅन यू फील इट’ केलं. जाझच्या अंगाने जाणारे लांबट कॉर्ड, दबका बास, घाई नसलेला ठोका : डीप हाउस म्हणतात ते हे. चरणजित सिंगांना ॲसिड हाउसचे जनक ठरवण्याचा उत्साह पुढे बऱ्याच जणांनी दाखवला. तो योग्य नाही. शिकागोच्या पोरांपर्यंत त्यांची तबकडी पोहोचल्याचं दिसत नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांनी आपापलं संगीत काढलं, आणि मुंबईने ते पाच वर्षं आधी काढलं. एवढं सत्य पुरेसं मोठं आहे.

‘तेच तेच वाजतंय’ ही यंत्राच्या आवर्तनावर चालणाऱ्या या संगीताबद्दलची नेहमीची तक्रार. मराठवाड्यातल्या माणसाने तरी ती करू नये. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या गुंडा महाराजांच्या परंपरेत चक्रीभजन आहे. टाळ चालू, पावलं फिरती, चरण पुन्हा पुन्हा तोच. शब्द बदलत नाही, गाणारा बदलत जातो. दोन्हींचा हेतू निराळा आहे, भक्तीची जागा यंत्र घेत नाही. पण आवर्तनाने माणूस आतून हलतो हे देगलूरला शिकागोने शिकवायची गरज नव्हती.

गोव्यात याच काळात तिसरीच गोष्ट घडत होती. हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यांवर साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येत होते. ऐंशीच्या दशकात तिथल्या पौर्णिमेच्या रात्रींतून रॉक मागे पडला आणि युरोपातलं यंत्रसंगीत पुढे आलं. उन्हात तबकड्या वाकत, म्हणून डीजे कॅसेट आणि पुढे डॅट टेप वापरत. कॅलिफोर्नियाहून आलेला गोवा गिल हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. २०२३ मध्ये तो वारला. ‘गोवा ट्रान्स’ या नावाने हे संगीत जगभर गेलं. ज्या किनाऱ्यांवर ते घडलं तिथल्या गावांचे लोक मात्र त्याच्या इतिहासात क्वचितच भेटतात, आणि ही उणीव खटकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना मनाई झाली, उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफली आटल्या. २००७ मध्ये कांदोळीला ‘सनबर्न’ हा संगीत महोत्सव सुरू झाला.

चरणजित सिंगांची तबकडी २००२ मध्ये एदो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत सापडली. त्याने मुंबईत येऊन त्यांची गाठ घेतली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडलेल्या या वादकाने मग युरोपात तरुणांच्या गर्दीपुढे तेच राग वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता संगणकावर या यंत्रांची आभासी रूपं मिळतात, काही फुकटातही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं आणि मराठी हाउस घरोघरी पोहोचलं. ते वेगाचं, नाचाचं गाणं आहे. संथ बाजूला, डीप हाउस आणि डाउनटेम्पोकडे वळू पाहणाऱ्या मराठी मुलांनी त्या दहा रागांपासून सुरुवात करावी. तबकडी आज इंटरनेटवर सहज ऐकता येते. आधी ललत ऐकावा, मग मेघमल्हार. आणि बास कुठे कुठे घसरतो तिकडे कान ठेवावा.