अनोळखी रचनेची परीक्षा

१९१३ साली पॅरिसच्या कॉन्झर्व्हेत्वार या संगीतविद्यालयात पियानो शिकणाऱ्या मुलींच्या परीक्षेसाठी संगीतकार मॉरिस रॅव्हेलने एक छोटी रचना लिहून दिली. अवघ्या २७ बारांची, संथ, बोटांची दमछाक न करणारी. पण तिच्यात दोन्ही हात एकमेकांच्या जागेत शिरतात, आणि डोळा ज्या स्वराची वाट पाहतो त्याच्या शेजारचाच स्वर मधूनच कागदावर उभा असतो. सवयीने वाजवणारी मुलगी तिथे नेमकी चुकणार. परीक्षार्थींनी ही रचना आधी पाहिलेली नव्हती आणि ऐकण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण ती त्या दिवसासाठीच लिहिलेली होती. झान लल्यू नावाच्या मुलीने ती इतकी समजून वाजवली की रॅव्हेलने पुढे ती तिलाच अर्पण केली. हीच मुलगी बारा वर्षांचीही झालेली नसताना, १९१० मध्ये, त्याच्या ‘मा मेर ल्वा’ या पियानोरचनेच्या पहिल्या प्रयोगात पियानोवर बसली होती. ती मोठी होऊन संगीतकार झाली आणि १९२३ मध्ये तिने ‘प्री द रोम’ हे पारितोषिक मिळवले.

कॉन्झर्व्हेत्वारमध्ये ही जुनी वहिवाट होती. वार्षिक परीक्षेत विद्यार्थी एक नेमलेली रचना तयार करून वाजवी आणि दुसरी, कधीही न पाहिलेली, तिथल्या तिथे वाचून वाजवी. ही दुसरी रचना कुणा कारकुनाने जुन्या वहीतून काढलेली नसे. १८९८ मध्ये बासरीच्या वर्गासाठी तिथल्या प्राध्यापक पॉल ताफानेलने गाब्रिएल फोरेकडून दोन्ही रचना मागवल्या, तयारीची आणि वाचनाचीही. १९१० मध्ये क्लॅरिनेटसाठी हेच काम क्लोद द्यबुसीने केले. या वाचनाच्या रचना समोर ठेवल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्या अवघड नाहीत. फोरेची रचना संथ आहे, द्यबुसीची मध्यम लयीत हळुवार झुलणारी, जेमतेम दीड मिनिटाची. निव्वळ नोटेशन किती झपाट्याने वाचता येते एवढेच पाहायचे असते तर भराभर धावणारे स्वर लिहिणे सोपे होते. त्याऐवजी या मंडळींनी असे काही लिहिले की ज्यात श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे संपते, कुठला स्वर नुसता वाटेवरचा आणि कुठला मुक्कामाचा, हे वादकाला स्वतःच ठरवावे लागते.

माझ्या मते या परीक्षेचे मर्म इथेच आहे. तयार केलेली रचना वाजवताना परीक्षकांना विद्यार्थी ऐकू येतो, तसा त्याचा गुरूही ऐकू येतो, आणि कोणाचे काय हे वेगळे करता येत नाही. आपल्याकडच्या मैफलीत हा पेच इतका तीव्र होत नाही. ख्याल गाणारा बंदिश गुरूकडून घेतो, पण बढत करताना पुढचा स्वर श्रोत्यांसमोर त्यालाच शोधावा लागतो. तालीम संपते तिथे त्याचे स्वतःचे गाणे सुरू होते. युरोपीय शास्त्रीय वादकाचे सगळे स्वर आधीच लिहिलेले असतात, आणि वर्षभराच्या शिकवणीत त्यांच्यामधल्या जागाही भरून निघतात. त्याने स्वतः निर्णय घेतल्याचा क्षण ऐकायचा असेल, तर कोणीही न शिकवलेली रचना त्याच्यापुढे ठेवण्याखेरीज दुसरा चांगला मार्ग नाही.

ही जाण ब्रसेल्समध्ये सर्वात दूरवर नेली गेली. बेल्जियन व्हायोलिनवादक ओझेन इझाई १९३१ मध्ये गेला. तरुण वादकांची नव्या संगीतासकट चौफेर परीक्षा पाहणारी स्पर्धा त्याच्या मनात होती. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथने १९३७ मध्ये ती त्याच्या नावाने सुरू केली. १९५१ पासून ती राणीच्या नावाने ओळखली जाते. अंतिम फेरीत पोचलेल्या वादकांना वॉटर्लूजवळच्या, १९३९ मध्ये उघडलेल्या ‘म्युझिक चॅपेल’ या वास्तूत आठवडाभर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात. तिथे पाऊल टाकल्यावर त्यांच्या हाती एका अप्रकाशित रचनेची प्रत पडते. वाद्यवृंदासह वाजवायची ही रचना खास या फेरीसाठीची असते. फोन काढून घेतलेले असतात, शिक्षकाशी संपर्क नसतो. ध्वनिमुद्रण मिळण्याची शक्यता नाही, कारण ते अस्तित्वातच नसते. २०१७ मध्ये चेलोची पहिली स्पर्धा झाली तेव्हा ही रचना तोशिओ होसोकावाची होती. ध्वनिमुद्रणांच्या युगात या तजविजीचे मोल वाढले आहे. पॅरिसच्या परीक्षेत गुरूची छाप दूर ठेवायची होती. आता इंटरनेटवर सापडणाऱ्या शंभर वादनांची छापही दूर ठेवावी लागते.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की ही परीक्षा झटपट शिकणाऱ्याला झुकते माप देते आणि सावकाश मुरणाऱ्या कलावंतावर अन्याय करते. त्यासाठी १९३८ च्या पियानो स्पर्धेकडे बोट दाखवतात. नेमलेला कॉन्चेर्तो झां अबसिलचा होता. एमिल गिलेल्स पहिला आला आणि आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली सातवा; आणि पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या स्पर्धेत मिकेलांजेली पहिला आला. एका निकालाचे खापर एकाच रचनेवर फोडता येणार नाही, तरी आक्षेपातला गाभा मान्य करायला हवा. तीच रचना सहा महिने मनात घोळवून वाजवणारा कदाचित श्रेष्ठ कलावंत असेल. म्हणूनच ही परीक्षा एकटी पुरत नाही. ब्रसेल्समध्येही तिच्या जोडीला वादकाने स्वतः निवडलेला कॉन्चेर्तो असतोच. पण एक भाग अपुरा आहे म्हणून तो गाळावा, हे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हा प्रसंगच बनावट आहे. खऱ्या आयुष्यात वादकाला तयारीला वेळ मिळतो. याचे उत्तर आपल्या जवळच सापडते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेजो (स्वरनावांनी गाऊन वाचणे) आणि नोटेशन शिकून मुंबईत आलेल्या वादकांपुढे हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत पार्ट यायचे ते बहुधा ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी. त्यांच्याच पंक्तीतले अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा वाद्यमेळ बांधायचे, ते समोरचे वादक कागद पाहून संगीत उभे करतील या भरवशावर. त्या पिढीसाठी अनोळखी रचना ही पोटापाण्याची रोजची गोष्ट होती, आणि ती गाणी आजही ऐकताना व्हायोलिनच्या ओळी कोरड्या वाटत नाहीत. थोड्या वेळात समजून वाजवणे ही शिकता येणारी कला आहे, आणि तिला बाजारात नेहमीच मोल होते.

असे असताना आजचे वारे उलट दिशेने वाहते आहे. १८८९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि भारतातही परीक्षा घेणाऱ्या एबीआरएसएम या मंडळाने २०२० मध्ये ध्वनिचित्रफितीवरून घ्यायच्या श्रेणी-परीक्षा सुरू केल्या. त्यांत तयार केलेल्या चार रचना वाजवायच्या असतात आणि अनोळखी वाचन नसते. जुनी परीक्षा अजून चालू आहे, पण नवी वाट अधिक सोपी आहे आणि पालकांना ती अधिक रुचणार हे उघड आहे. पण मूल चार रचनांवर वर्ष काढते, आणि पाचवी समोर आली की शिक्षकाकडे पाहते. यावरचा उपाय म्हणून जुनी पद्धत जशीच्या तशी सांभाळणेही पुरेसे नाही. तिथे अनोळखी रचनेवर आधी नजर टाकायला अर्धा मिनिट मिळतो; तेवढ्यात निर्णय होत नाहीत, नुसती धांदल होते. याच मंडळाच्या पदविका-परीक्षेत अनोळखी रचनेसाठी पाच मिनिटे देण्याची पद्धत होती, ती अधिक शहाणपणाची होती. लहान मुलांच्या परीक्षेतही एक पानभर, बेताची अवघड, नव्याने लिहून घेतलेली रचना द्यावी, वाद्यासह बंद खोलीत अर्धा तास द्यावा आणि मग ऐकावे. वॉटर्लूच्या आठवड्याचा खर्च त्याला लागत नाही. लागतो तो एक संगीतकार, एक खोली आणि दाराशी बसणारा एक माणूस.