बोंबील कुठल्या कप्प्यात ठेवायचा?

गेल्या ऑक्टोबरमध्ये माळ्यावरून पाककृतींच्या पुस्तकांचं खोकं खाली काढलं, तर आधी नाकात शिरला तो बुरशीचा वास. चूक माझीच होती. पाऊस सुरू व्हायच्या आधी मी एकेक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, चिकटपट्टीनं पक्कं बंद करून वर ठेवलं होतं. वरळी कोळीवाड्यात आमच्या घराची मागची भिंत आणि समुद्र यांच्यात फारसं अंतर नाही. कागदातला दमटपणा पिशवीतच अडकला. चौतीस पुस्तकांपैकी सातांची पानं एकमेकांना चिकटली होती आणि दोनांची कसरीनं चाळण केली होती.

आजी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "ऊन दाखवल्याबिगर सुका बोंबील तरी भरते का मी?"

तिचं म्हणणं जुन्या ग्रंथसंग्रहांनाही पटलं असतं. पोथ्या, हिशेबाची दप्तरं, सनदा आपल्याकडे सुती कापडात बांधून ठेवत. त्या कापडाला बासन म्हणतात. धूळ आणि उजेड बाहेर राहतो, पण हवा खेळती राहते. आज एखादा अहवाल 'बासनात गुंडाळला' म्हटलं की तो कायमचा बाजूला पडला असं आपण समजतो. मुळात बासन होतं ते वस्तू टिकावी म्हणून.

पंख्याखाली पानं सुकवताना ठरवलं की यावेळी पुस्तकं नीट लावायची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे आधी एक्सेल उघडलं. नाव, लेखक, वर्ष, प्रकार असे रकाने केले. 'प्रकार'पाशी गाडी अडली. शाकाहारी पुस्तकांचे भात, आमटी, लोणची, गोडाचे असे कप्पे भराभर पडले. मासळी मात्र बहुतेक पुस्तकांत शेवटच्या एका प्रकरणात कोंबलेली. मग प्रश्न पडला, की हे कप्पे मुळात पाडले कुणी?

मागे जाऊ तितकं मागे जाता येतं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर. कुठल्याही प्रोग्रॅमरला हेवा वाटावा अशी ही रचना. त्यात राजाचं जेवण येतं ते 'अन्नभोग' म्हणून तिसऱ्या विंशतीत. मासे पकडणं येतं चौथ्या विंशतीत, राजाच्या करमणुकींमध्ये. गळाला लागलेला मासा आणि ताटातला मासा वेगवेगळ्या ठिकाणी.

पुढे 1876 साली अमेरिकेत मेल्विल ड्युई यांनी ग्रंथालयांसाठी दशांश वर्गीकरण काढलं. त्यात आज स्वयंपाकाचा आकडा 641.5, मासे शिजवण्याचा 641.692 आणि मासेमारीचा 639.2. इथंही पकडणारा एका फडताळात आणि शिजवणारी दुसऱ्या.

आमच्या घरात ही फाळणी कधी नव्हती. आजोबा बोटीवर जायचे, आजी पाटी घेऊन बाजारात बसायची आणि उरलेली मासळी संध्याकाळी चुलीवर चढायची. काय शिजणार हे जाळ्यात काय आलं आणि पाटीतून काय खपलं यावर ठरायचं.

मराठीतली छापील पाकपुस्तकं लिहिली ती लिहिता-वाचता येणाऱ्या घरांनी. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 सालचं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 सालचं. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घराघरांत पोचलं. माझी 'रुचिरा'ची प्रत जुन्या बाजारातली आहे. मालकिणीचे हळदीचे डाग अजून पानांवर आहेत आणि त्या डागांवरून तिच्या घरी काय वारंवार व्हायचं ते कळतं. ती पानं मी पुसलेली नाहीत.

या तीनही पुस्तकांच्या काळात कोळीवाड्यातल्या बायका रांधतच होत्या. माझ्या आजीला सही करण्यापुरतीच अक्षरं येतात, पण दिवसभराचा उधारीचा हिशेब तिच्या डोक्यात असायचा. जवळा, सोडे, आंबट-तिखट, सगळं तिथंच. आणि तिनं मला ते शिकवलं नाही. मुद्दामच. "तुज्या हाताला मावऱ्याचा वास नको," म्हणायची. त्या पाटीवर माझी इंजिनिअरिंगची फी निघाली. नोकरी लागल्यावर मी पुस्तकं विकत घ्यायला लागले. तिनं जे माझ्यापासून लांब ठेवलं, ते मी दुकानांत शोधत होते, हे मला बुरशी पुसताना कळलं.

मी तिला एका पुस्तकातली बोंबलाची कृती वाचून दाखवली. तिनं सगळी ऐकली. मग विचारलं, "बोंबील कवा घेवाचा, त्ये लिवलंय का?"

नव्हतं लिहिलेलं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम मांडले. पहिला नियम म्हणजे पुस्तकं वापरासाठी असतात. दोन वर्षांनी त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण आणलं. त्यात एकाच विषयाचे अनेक पैलू धरून पुस्तकाची जागा ठरते. आज आपण ज्याला टॅग म्हणतो, त्याच्या जवळची ही कल्पना. गणिताच्या या मास्तरांमुळे माझी एक्सेल शीट सुटली. 'प्रकार' हा रकाना काढला आणि 'कधी' हा घातला.

आता आमचं कपाट महिन्यांप्रमाणे लागतं. जून-जुलैचा कप्पा सगळ्यात खाली, हाताशी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुका बोंबील, सोडे, जवळा आणि कडधान्यं. त्याच्या वर नारळी पौर्णिमेनंतरचा ताज्या मासळीचा. मग थंडीचा. सगळ्यात वर उन्हाळा, म्हणजे मसाले आणि वाळवणं. एकच पुस्तक दोन ठिकाणी लागत असेल, तर दुसऱ्या कप्प्यात चिठ्ठी. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे, मध्ये कडुनिंबाचा सुकवलेला पाला.

जून-जुलैच्या कप्प्यात एक वही आहे. रविवारी आजी रांधते आणि मी लिहिते. तिची जवळ्याची मूठ मी तीनदा वजनकाट्यावर ठेवली. 38 ग्रॅम, 45, 41. कुठला आकडा लिहू विचारलं, तर म्हणाली, "जेवाला किती मानसं, त्ये लिव." म्हणून वहीत प्रत्येक पानावर आधी माणसं येतात, मग महिना, मग मासा.

तिचा हात आता थरथरतो. कधी कधी ती मीठ दोनदा घालते. तेही मी लिहून ठेवते.

वही तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आहे. यंदा पावसाळ्यात ती माळ्यावर जाणार नाही. आमच्याकडे तिची खरी गरज पावसातच असते.