मीठ धुणाऱ्या घरातील लेक

मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याला एकच ओळ मिळते. नारायण वामन टिळकांची ओळ अशी : १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. मागे राहिलेल्या पत्नीचे काय झाले, हे त्या ओळीत नसते. ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’त सांगितले, १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळे, की मीठसुद्धा धुऊन घेत! त्या घरातील लेकीने १९०० साली बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे तिला धर्मचर्चेने छळले नाही. छळले ते घागरीने, चुलीने. कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, हा निश्चय मात्र तिने बाप्तिस्म्याआधीच केला. शाळा ठाऊक नसलेली, पतीकडून अक्षरे शिकलेली ही बाई त्याच्या तापटपणाला हसते, स्वतःलाही हसते. तक्रार म्हणून काही नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती माणसाचा खरा इतिहास या हसण्यात आहे. टिळक अमेरिकन मिशनचे, आपण कॅथलिक. चूल मात्र सारखीच.

आपल्या समुद्रपूर-हिंगणघाटकडे बाप्तिस्म्याचा दाखला पेटीत जपतात. कापसाच्या हिशेबाच्या वहीत मागल्या पानांवर आजीने लिहिलेले मात्र रद्दीत जाते.

लक्ष्मीबाई १९३६ मध्ये निवर्तल्या. ‘स्मृतिचित्रे’ तेव्हा अपुरीच होती. ती पुत्र देवदत्त यांनी पुरी केली.