आजवा सरोवर : सहलीला जाण्यापूर्वी

बडोद्याच्या पूर्वेस सुमारे वीस-बावीस किलोमीटरवर, वाघोडिया तालुक्यात आजवा सरोवर आहे. त्याचे मूळ नाव सयाजी सरोवर. आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबे केव्हा ना केव्हा तेथे डबे घेऊन गेलेली आहेत. आमच्या बँकेची सहलही अनेक वर्षे तेथेच जात असे. परंतु हे केवळ फिरायला जाण्याचे ठिकाण नव्हे, ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे साठवण आहे, ही गोष्ट नव्या पिढीला सांगायला हवी.

थोडा इतिहास

श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी शहराची भिस्त विहिरी व तळ्यांवर होती. महाराजांनी सूर्या नदीवर मातीचे धरण बांधण्याचे काम १८८५ मध्ये सुरू केले. जागा शहरापेक्षा उंचावर निवडल्यामुळे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने शहराकडे येऊ शकले. आजही आजव्याचे पाणी निमेटा येथे शुद्ध होऊन शहराच्या पूर्व भागाला मिळते.

पावसाळ्यात

सरोवर भरल्यावर सोडलेले पाणी विश्वामित्रीत येते आणि ती शहराच्या मधून वाहते. म्हणून आजव्याची पातळी २११ फुटांच्या आसपास गेली की नदीकाठच्या सोसायट्यांत चिंता सुरू होते. ऑगस्ट २०२४ चा पूर आपल्यापैकी अनेकांनी घरात पाणी शिरलेले पाहून अनुभवला आहे. अशा दिवसांत धरण पाहायला जाऊ नये.

केव्हा जावे, काय पाहावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. धरणाजवळ म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेली कारंज्यांची बाग आहे. तिच्या वेळा व तिकिटांचे दर बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी डभोई तालुक्यातील वढवाणा तलावही पाहावा. तोही बडोदे संस्थानच्याच काळात शेतीच्या सिंचनासाठी बांधलेला आहे. हिवाळ्यात तेथे पट्टेरी डोक्याचे राजहंस व अनेक जातींची बदके दूरदेशाहून येतात. २०२१ मध्ये या तलावाला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

काळजी

१. विश्वामित्रीप्रमाणे आजव्यातही मगरी आहेत. हिवाळ्यात त्या काठावर उन्हाला पडून असतात आणि लांबून दगडासारख्या दिसतात. पाण्यात उतरू नये, हातपाय धुण्यासाठीही काठावर बसू नये. मुलांचा हात सोडू नये.

२. १८ जानेवारी २०२४ रोजी शहरातील हरणी तळ्यात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. म्हणून कोठेही नौकाविहार असला तरी आधी माणसे मोजावीत, प्रत्येकाने जॅकेट घातले आहे हे स्वतः पाहावे. शंका वाटली तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, बोटीत बसू नये.

३. पुऱ्या, बटाट्याची भाजी, ढेबरी, चहाचा थर्मास घरून न्यावा. कागदी बशा, प्लास्टिकच्या पिशव्या व उरलेले अन्न परत आणण्यासाठी एक मोठी पिशवी सोबत ठेवावी. काठावर भांडी घासू नयेत, निर्माल्य पाण्यात टाकू नये.

सहलीहून परतल्यावर पूर्व भागातील सभासद घरी ज्या नळाचे पाणी पितील, ते याच सरोवरातून आलेले असेल. मुलांना काठावर उभे करून एवढे सांगितले, तरी पुढची पिढी त्या पाण्यात कचरा टाकणार नाही.