दख्खनच्या साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती : आखणी व तपशीलनिश्चितीचा इतिहास

एकाच इंधनापासून वीज आणि उपयुक्त उष्णता ह्या दोन्ही गोष्टी एकत्र मिळविण्याच्या पद्धतीस मराठीत सहवीजनिर्मिती हे नाव आता रूढ झाले आहे. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. महाराष्ट्रात ही पद्धती सर्वांत अधिक प्रमाणावर रुजली ती साखर कारखान्यांत. ह्या कारखान्यांच्या यंत्रसामग्रीचा विचार मुख्यतः पुणे शहरात झाला. दख्खन साखर तंत्रज्ञांची संघटना १९३६ पासून ह्या शहरात काम करीत आली आहे. राज्याचे साखर आयुक्तालय येथेच आहे. मांजरी येथील वसंतदादा साखर संस्था १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट ह्या नावाने स्थापन झाली. बॉयलर व उष्णतायंत्रे बनविणारी थरमॅक्स ही कंपनीही पुण्यातलीच. असे असता, दख्खनच्या कारखान्यांत उंच दाबाचे बॉयलर १९९० नंतरच का आले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे. उंच दाबाचे शास्त्र त्यापूर्वी कित्येक दशके सर्वांस ठाऊक होते. तेव्हा ह्या विलंबाचे कारण शास्त्रात शोधून सापडणार नाही. ते विजेच्या खरेदीविक्रीच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे.

चुलवणापासून कारखान्यापर्यंत

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात खेळू लागले आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात ऊस वाढला. १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या भाटघरच्या नव्या धरणाने त्यास आणखी बळ दिले. आरंभी ह्या उसाचा गूळच होत असे. गुऱ्हाळातील व्यवस्था साधी होती. चरकातून निघालेले चिपाड वाळवावयाचे आणि तेच चुलवणात घालून काहिलीतील रस आटवावयाचा. उसाने स्वतःच्या रसासाठी स्वतःच सरपण पुरवावे, हे तत्त्व कारखान्यांच्या पूर्वीच शेतकऱ्याच्या अंगवळणी पडले होते. मात्र चुलवणातील उष्णता एकदाच कामी येई. तिच्यातून गती किंवा वीज मिळविण्याची सोय तेथे नव्हती.

१९३२ मध्ये साखर धंद्यास जकातीचे संरक्षण मिळाल्यानंतर चित्र पालटले. वालचंदनगर व माळीनगर येथील कारखाने त्याच दशकात उभे राहिले. कारखान्यात चिपाडाचे नाव बगॅस झाले आणि चुलवणाची जागा बॉयलरने घेतली. बॉयलरची वाफ प्रथम इंजिनास किंवा टर्बाइनला गती देई. तेथून कमी दाबाने सुटलेली वाफ रस तापविण्याच्या व आटविण्याच्या भांड्यांकडे जाई. ह्या जोडणीचे मूळ बरेच मागे जाते. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात नॉर्बर्ट रिलिए ह्या अभियंत्याने १८४३ मध्ये एकापुढे एक ठेवलेल्या बाष्पीभवनपात्रांचे पेटंट घेतले. एका पात्रातील रसाची वाफ पुढच्या पात्रास तापवील आणि पहिल्या पात्रास इंजिनातून सुटलेली वाफ पुरेल, अशी त्याची योजना होती. जगातील बहुतेक साखर कारखाने आजही ह्याच तत्त्वावर चालतात. सारांश, दख्खनमधील साखर कारखाना उभारणीच्या पहिल्या दिवसापासूनच सहवीजनिर्मितीचा कारखाना होता. मात्र त्याची वीज कुंपणाबाहेर जात नव्हती.

बगॅस संपविण्याची आखणी

३१ डिसेंबर १९५० रोजी प्रवरानगर येथे सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील ह्यांचे संघटन आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ ह्यांचे मार्गदर्शन ह्या दोहोंचा तो परिपाक होता. सहकारी कारखान्यात खर्च वजा जाता जे उरते ते सभासदाच्या उसाच्या दरात जाते. म्हणून वाफेची काटकसर ही येथे सभासदाच्या हिताची बाब ठरावयास हवी होती. प्रत्यक्षात तसे झाले नाही.

त्याचे कारण बगॅसच्या हिशेबात आहे. एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस हाती येतो व त्यात निम्मे पाणी असते. तरीही एक किलो बगॅसपासून दोन किलोंहून अधिक वाफ होते. कारखान्याची गरज भागून बगॅस उरावा, इतके हे इंधन विपुल आहे. उरलेल्या बगॅसचे करावयाचे काय, हा त्या काळचा प्रश्न होता. तो जागा अडवितो, लवकर पेट घेतो आणि हलका असल्याने दूर नेण्यास परवडत नाही. कागद गिरण्या जवळ असतील तेथेच त्यास गिऱ्हाईक मिळे. अशा स्थितीत बॉयलर फार कार्यक्षम नसणे ही सोयच ठरली. बहुतेक ठिकाणी वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोग्रॅमच्या आसपास ठेवला जाई आणि उसाच्या वजनाच्या ५० ते ५५ टक्के वाफ प्रक्रियेत खर्ची पडे. हा निष्काळजीपणा नव्हता. बगॅस हंगामाबरोबर संपावा, ह्या हेतूला धरूनच ती आखणी केलेली होती.

वीज विकण्याची वाटही मोकळी नव्हती. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याच्या ४४ व्या कलमाने नवे वीजनिर्मिती केंद्र उभारण्यास राज्य मंडळाची संमती आवश्यक केली. राज्यास पुरेशी वीज मोठ्या केंद्रांतून मिळेल आणि मंडळ ती सर्वत्र पोहोचवील, अशी त्या काळच्या नियोजनाची धारणा होती. ह्या धारणेत वर्षातले पाच-सहा महिने चालणाऱ्या लहान केंद्रास स्थान नव्हते. मॉरिशसमध्ये १९५७ पासूनच साखर कारखान्याची वीज सार्वजनिक तारांवर जाऊ लागली होती. तेथे कोळसा व तेल दोन्ही बाहेरून आणावे लागत, त्यामुळे घरच्या इंधनाची किंमत लवकर कळली. ज्या बेटावरील मळ्यांत मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडला, तेथील अनुभव महाराष्ट्रापर्यंत पोहोचण्यास मात्र जवळजवळ चार दशके लागली.

दाबाचे गणित

तपशीलनिश्चितीत कोणती बाब निर्णायक असते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. दिवसाच्या २२ तासांत २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना घेतला, तर ताशी सुमारे ११४ टन ऊस व ३४ टन बगॅस होतो. त्यापासून ताशी सुमारे ७५ टन वाफ मिळते. प्रक्रियेस उसाच्या ५५ टक्के वाफ लागत असेल तर ६२ टन खर्च होते, ४५ टक्के लागत असेल तर ५१ टन. म्हणजे केवळ रस आटविण्याची व्यवस्था सुधारल्याने ताशी ११ टन वाफेची बचत होते.

आता तीच ५१ टन वाफ प्रक्रियेकडे जाताना टर्बाइनमधून जाते असे समजू. २१ किलोग्रॅम दाबाच्या जुन्या संचात एका युनिटास सुमारे १२ किलो वाफ लागते व सव्वाचार मेगावॅट वीज मिळते. ६७ किलोग्रॅम दाब आणि ४८५ अंश सेल्सियस तापमान असता एका युनिटास सहा-साडेसहा किलो वाफ पुरते व आठ मेगावॅट वीज मिळते. दोन्ही वेळी रसाकडे जाणारी वाफ तितकीच असते आणि बॉयलरला इंधनही थोडेच अधिक लागते. कारखान्याची स्वतःची गरज तीन मेगावॅटच्या आसपास असते. बाकीची वीज विकावयाची असेल तरच वरच्या दाबाला अर्थ आहे. विकावयाची नसेल, तर महाग बॉयलर, जाड नळ्या, अत्यंत शुद्ध पाणी आणि अधिक प्रशिक्षित कामगार हा सर्व खर्च व्यर्थ होय. १९९० पूर्वीच्या अभियंत्यांनी कमी दाब निवडला तो ह्या हिशेबाने, आणि तो त्या परिस्थितीत बरोबरच होता.

कायद्याने दाब वाढविला

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने सार्वजनिक वीज कंपन्यांवर सहवीजनिर्मात्यांची वीज विकत घेण्याचे बंधन घातले. त्यानंतर भारतातही विचार पालटू लागला. १९९४ मध्ये केंद्र सरकारने बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ६ नोव्हेंबर १९९६ च्या केंद्रीय ठरावाने एक मोजमापही घालून दिले. उपयुक्त वीज आणि उपयुक्त उष्णतेचा अर्धा भाग ह्यांची बेरीज इंधनातील ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक भरली, तरच त्या प्रकल्पास सहवीजनिर्मिती म्हणावे, असे त्यात ठरले. विजेच्या मोबदल्याच्या लोभाने उष्णतेचे काम दुय्यम होऊ नये, हा ह्या कसोटीमागील हेतू स्पष्टच आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००२ मध्ये बगॅसपासूनच्या विजेचा खरेदीदर ठरविला आणि २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीवरील परवान्याचे बंधन काढले. पुढच्या नियमांत खरेदीकराराची मुदत १३ वर्षे धरली गेली. राज्याच्या २००८ च्या धोरणात १,००० मेगावॅट बगॅसविजेचे उद्दिष्ट होते, आणि २०१५ च्या धोरणात आणखी १,००० मेगावॅटचे. ह्या काळात ६७, ८७ व पुढे ११० किलोग्रॅम दाबाचे संच आले. वारणानगर येथे ४४ व शिरोळ येथे ३६ मेगावॅटचे प्रकल्प ऊर्जांकुर निधीच्या साह्याने उभे राहिले. दराची हमी मिळताच अल्पावधीत यंत्रे बदलली, ही गोष्ट शास्त्र आधीपासून हाताशी होते ह्याचा पुरावाच आहे.

पुणे शहराच्या अनुभवाशी ह्याची तुलना उद्बोधक ठरते. २००६ मध्ये शहरातील भारनियमन टाळण्यासाठी उद्योगांची स्वतःची डिझेल जनित्रे चालवून सार्वजनिक वीज मोकळी करण्याची योजना अमलात आली व तिचा जादा खर्च ग्राहकांवर विभागला गेला. योजना यशस्वी झाली. तथापि अशा जनित्रात इंधनाची निम्म्याहून अधिक ऊर्जा धुराबरोबर व थंड करण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते, आणि योजनेच्या हिशेबात वीज होती, उष्णता नव्हती. वीज तारेवरून कोठेही जाते. उष्णता मात्र जेथे उत्पन्न होते तेथेच वापरावी लागते. शहरात विजेच्या तुटीबरोबर उष्णतेचे गिऱ्हाईक शोधले गेले नाही. साखर कारखान्यात ते गिऱ्हाईक घरातच होते.

सभासदाचा वाटा

उंच दाबाच्या यंत्रसामग्रीसाठी कारखान्यांनी मोठी कर्जे काढली. ती फेडण्याची भिस्त वीजविक्रीच्या दरावर होती. पहिल्या करारांच्या मुदती संपू लागल्या, तेव्हा सौरविजेचे दर बरेच खाली आलेले होते आणि जुन्या दराने करार नव्याने होणे कठीण झाले. ज्यांनी हंगामाबाहेरही वीज विकण्यासाठी मोठे कंडेन्सिंग टर्बाइन घेतले, त्यांना हा बदल अधिक जाणवणे स्वाभाविक आहे, कारण त्या टर्बाइनमधून शेवटी थंड केली जाणारी वाफ कोणतीच प्रक्रिया तापवीत नाही. तिचे सर्व मोल विजेच्या दरात असते.

येथे सभासदाच्या हिताचा प्रश्न उभा राहतो. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उत्पन्नाची जी वाटणी सुचविली, तीत साखरेबरोबर बगॅस, मळी व प्रेसमड ह्या प्राथमिक उपपदार्थांचे मोल धरले होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदर नियमनाचा कायदा केला. ह्या रीतीने बगॅसला स्वतंत्र किंमत आली. जे चिपाड पूर्वी फुकटचे सरपण होते, ते आता शेतकऱ्याच्या देण्याच्या हिशेबात आले. बॉयलरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक टन बगॅसने आपल्या किमतीहून अधिक काही परत दिले पाहिजे, ही अट पूर्वीच्या कोणत्याही अभियंत्यापुढे नव्हती.

त्यातच २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलचे उत्पादन वाढले. आसवनीस मोठ्या प्रमाणावर वाफ लागते, आणि तीही गाळपाचा हंगाम संपल्यावर. म्हणजे उष्णतेचे घरचे गिऱ्हाईक पुन्हा मोठे झाले आहे. अशा वेळी नव्या प्रकल्पाची आखणी विजेच्या विक्रीपासून सुरू करण्यापेक्षा वाफेच्या गरजेपासून सुरू करणे अधिक सुरक्षित ठरते. प्रथम प्रक्रियेस किती वाफ, कोणत्या दाबाने व वर्षातील किती दिवस लागेल हे मोजावयाचे. नंतर त्या वाफेच्या वाटेवर जेवढी वीज मिळेल तेवढी घ्यावयाची. शेवटी उरलेल्या बगॅसची वीज करावी की तो विकावा, हे त्या वर्षीच्या दरांवरून ठरवावयाचे.

दख्खनच्या साखर कारखान्यांचा हा इतिहास पाहता, यंत्राचा तपशील केवळ अभियंत्याच्या मेजावर ठरत नाही असे म्हणावे लागते. २१ किलोग्रॅमचा दाब १९४८ च्या कायद्याच्या छायेत टिकला आणि ११० किलोग्रॅमचा दाब २००२ नंतरच्या दरपत्रकाच्या आधारावर उभा राहिला. कायदे व दर बदलतात. एकदा बसविलेला बॉयलर मात्र दोन-तीन दशके बदलत नाही, आणि त्याचे कर्ज सभासदाच्या उसातून फिटते. म्हणून ज्या गरजेचा काळ बॉयलरच्या आयुष्याइतका आहे, तिच्यावर आखणीचा पाया असावा. साखर कारखान्यात ती गरज रस आटविण्याच्या उष्णतेची आहे. गुऱ्हाळातील चुलवण ह्याच गरजेवर रचलेले होते, आणि कारखान्याच्या आखणीसही त्याहून भरवशाचा आधार अद्याप मिळालेला नाही.