कापसाची तेजी आणि सुप्याचा बाजार

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. साहजिकच त्यांची दृष्टी मुंबईकडे वळली. थोड्याच काळात येथील कापसाचा भाव तिपटीहून अधिक चढला. गाडीच्या चाकांस शेतकऱ्यांनी चांदीच्या धावा बसविल्या, अशा कथा त्या काळच्या सांगतात. त्या आम्ही अक्षरशः खऱ्या मानीत नाही. परंतु लोकांस बैलगाडीच्या धावेचीच आठवण व्हावी, त्याअर्थी पैसा खेड्यापर्यंत पोचला होता खास. १८६५ त युद्ध संपले, भाव कोसळला आणि मुंबईतील सट्ट्याच्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या.

पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, भर बाजारात, कुणब्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची दुकाने व घरे लुटली. रोखे आणि वह्या काढून जाळल्या. या दोन घटनांची गाठ घालून, परदेशी व्यापाराने शेतकरी नागवला असा सिद्धांत मांडण्यात येतो. तो आम्हांस पुरता पटत नाही. सुपे, शिरूर, श्रीगोंदे हा मुलूख बाजरी-जोंधळ्याचा. कापूस तेथे कितीसा पिकत होता?

संबंध आहे, पण तो आडवळणाचा. तेजीच्या दिवसांत, रेल्वेची कामेही चालू असल्यामुळे, धान्य व मजुरी दोन्ही महागली होती. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपली. १८६७ पासून इंदापुरात, आणि मागाहून भीमथडीसारख्या शेजारच्या तालुक्यांत, नवा सारा बसला तो या चढत्या भावांकडे पाहून. भाव उतरले, सारा चढलेलाच राहिला. १८७४ साली सरकारलाच ही वाढ आवरती घ्यावी लागली. पण तोवर हप्ता भरण्याकरिता सावकाराचे दार धरणे कुणब्यास चुकले नव्हते. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्यास तीनच वर्षांची मुदत ठेवलेली. कायद्याचा हेतू ऋणकोचे रक्षण हा. फळ असे की, सावकार दर खेपेस व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. अंगठा उठविणाऱ्यास त्यातला आकडा वाचता येत नव्हता.

१८७९ च्या कायद्याने न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार दिला. पुणे, नगर, सोलापूर व सातारा हे जिल्हे प्रथम त्याखाली आले. भाव उतरल्यास साराही उतरावा, अशी तरतूद मात्र त्यात नव्हती.