केशहानी, कर्करोगोपचारातील

केशहानी, कर्करोगोपचारातील : कर्करोगावर रसायनी चिकित्सा चालू असताना अथवा डोक्यावर प्रारण चिकित्सा केल्यानंतर डोक्याचे केस थोड्या दिवसांत झपाट्याने गळून पडतात. रसायनी चिकित्सेत काही वेळा भुवया, पापण्या व अंगावरील केसही जातात. या विकृतीपासून जिवाला धोका नसतो व बहुतेक रुग्णांत ती तात्पुरती असते. त्यामुळे वैद्यकात तिला दीर्घकाळ गौण स्थान मिळाले. रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, लेखी मात्र ती उपचारांतील सर्वांत दुःसह बाबींपैकी एक ठरली आहे. या तफावतीचा उलगडा शरीरविज्ञानापेक्षा समाजाने केशहीन मस्तकाला दिलेल्या अर्थांतून अधिक होतो, आणि महाराष्ट्रात त्या अर्थांना स्वतःचा इतिहास आहे.

किरणांमुळे केस गळतात हे ज्ञान क्ष-किरणांच्या शोधाइतकेच जुने आहे. रंटगेन यांनी हे किरण १८९५ च्या अखेरीस शोधले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन डॅनियल यांनी प्रयोगासाठी डडली या आपल्या सहकाऱ्याच्या डोक्यावर ते सोडले व तीन आठवड्यांनी त्या भागावरचे केस गेले. १८९६ मध्येच व्हिएन्ना येथे लेओपोल्ट फ्रॉइंट यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ जन्मखुणेवर या गुणाचा हेतुपुरस्सर उपयोग केला. प्रारण चिकित्सेचा उगम अशा रीतीने काही अंशी केशहानीच्या निरीक्षणातच आहे. औषधांची गोष्ट नंतरची. मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून निघालेले नायट्रोजन मस्टर्ड येल विद्यापीठात १९४२ मध्ये प्रथम रुग्णाला देण्यात आले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे काम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ॲमिनोप्टेरिनचा गुण दाखविला. पुढे सायक्लोफॉस्फामाइड आणि त्यानंतर डॉक्सोरुबिसीन ही औषधे प्रचारात आली, तेव्हा केस गेलेले डोके ही कर्करोगाच्या रुग्णाची सर्वसामान्य ओळख बनली.

डोक्यावरील सुमारे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या कोशिकांचे (पेशींचे) विभाजन अतिशय वेगाने होते. वेगाने विभाजन पावणाऱ्या कोशिकांवर घाला घालणाऱ्या औषधाला अर्बुद कोणते व केशमूळ कोणते हा भेद करता येत नाही. पहिल्या मात्रेनंतर साधारणतः दोन-तीन आठवड्यांत उशीवर, फणीत व न्हाणीच्या मोरीत केसांचे पुंजके दिसू लागतात. सर्व औषधांचा परिणाम मात्र सारखा नसतो. डॉक्सोरुबिसीन किंवा पॅक्लिटॅक्सेल यांमुळे बहुधा सर्व केस जातात. सिस्प्लॅटिन एकटे दिल्यास फारसे जात नाहीत. प्रारणांचा परिणाम तर ते जेथे पडतात तेवढ्याच भागापुरता असतो. ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रामुख्याने आढळलेल्या तोंडाच्या व गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगांत मुख्य उपचार शस्त्रक्रिया व प्रारणे यांचा असल्याने त्या रुग्णांपैकी अनेकांचे डोक्यावरचे केस शाबूत राहतात. तरीही कर्करोगाचा उपचार म्हणजे टक्कल, ही समजूत त्यांच्याही मनात घर करून असते. वस्तुस्थितीपेक्षा भीतीच मोठी, असे येथे पुष्कळदा घडते.

महाराष्ट्रात केस काढण्याचे प्रसंग पूर्वापार ठरलेले आहेत. लहान मुलाचे जावळ काढतात, नवस फेडताना केस अर्पण करतात, वडील वारल्यावर मुलगा क्षौर करतो. या साऱ्यांत केस काढण्याला निश्चित वेळ, विधी व कारण असते. या प्रसंगांहून सर्वस्वी वेगळा प्रकार म्हणजे विधवेचे केशवपन. ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत व तत्सम उच्च मानल्या गेलेल्या जातींत होती. केशवपन झालेल्या स्त्रीला आलवण नेसावे लागे, मंगलकार्यात तिला स्थान नसे आणि पुढे पुढे तर नाभिकासमोर ठराविक दिवसांनी बसणे हाच तिच्या आयुष्याचा क्रम होई. जिचे केस राखले गेले, तिला ‘सकेशा’ असे वेगळे विशेषण लावावे लागे, यावरून रूढीचा जोर कळतो. हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो? (१८९०–९३) या कादंबरीतील यमूच्या केशवपनाने तत्कालीन वाचकांना हादरवून सोडले. आगरकरांनी सुधारक पत्रातून या चालीवर कठोर टीका केली. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केस काढण्यास नकार दिला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही घटना सुधारणेच्या इतिहासात जितकी ठळक असावयास हवी तितकी ती नाही. धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेसाठी आयुष्य वेचणाऱ्या पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांनी अनेक वर्षे केशवपन पाळले व नंतर केस पुन्हा वाढू दिले. विधवेने केस वाढविणे हे त्या काळी केवढे धाडस होते, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून समजते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही चाल ओसरत गेली. चिन्ह लोपले तरी त्याचा अर्थ मात्र भाषेत टिकून राहिला. ‘बोडकी’ ही शिवी ज्या समाजांत केशवपन कधीच नव्हते त्यांच्याही बोलीत आहे. औषधाने केस गेलेली सवाष्ण आरशात पाहते, तेव्हा तिला केवळ रोगाचे नव्हे, तर वैधव्याचे रूप दिसते. पती हयात असताना हे रूप अशुभ मानले जाते. हळदीकुंकवाला न जाणे, डोक्यावरचा पदर घरातही न काढणे, फोटो टाळणे, केसांत माळण्याचा गजरा दुसरीला देऊन टाकणे ही वर्तने या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागतात. पुरुषांचीही यातून सुटका नाही. मुंडण केलेला पुरुष दिसला की ‘घरी कोण गेले?’ असा प्रश्न येतो आणि जिवंत रुग्णाला त्याचे उत्तर द्यावे लागते.

हे अर्थ सर्वत्र एकसारखे नाहीत. मराठवाड्याच्या पूर्व टोकाला असलेले नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे या दृष्टीने लक्षणीय उदाहरण आहे. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे गाव मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर असून गोदावरीकाठचे तेलंगणातील बासर हे सरस्वतीचे क्षेत्र जवळच आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा येथे कानांवर पडतात आणि तिरुपतीच्या बालाजीची भक्तीही येथे आहे. तिरुमलेच्या डोंगरावर केस अर्पण करणाऱ्यांत सवाष्णीही असतात. पुण्याच्या पेठेत ज्या डोक्यावरून वैधव्य वाचले गेले असते, तेच डोके या सीमेवर ‘बालाजीला जाऊन आली’ असेही वाचले जाऊ शकते. रोग लपवू पाहणाऱ्या कुटुंबाला सांगण्याजोगे कारण त्यातून मिळते. मात्र दिलेले केस आणि गळालेले केस यांतील अंतर जिचे केस गेले तिला ठाऊक असते; नवस तिने केलेला नसतो. देवाला वाहिलेल्या याच केसांचा लिलाव होऊन त्यांतून परदेशी टोप तयार होतात आणि ते घालणाऱ्यांत कर्करोगाच्या रुग्णही असतात, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

नांदेड शहरात याहून वेगळा प्रश्न उद्भवतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये येथे निवर्तले आणि तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक आहे. १६९९ मध्ये स्थापन झालेल्या खालसा पंथात केस न कापणे हे कर्तव्य आहे. औषधाने केस गळणे ही रुग्णाची स्वतःची कृती नसते. पण केस गळू लागण्यापूर्वीच डोके भादरून घ्यावे, म्हणजे रोज पुंजके पाहण्याचे दुःख टळते, हा जो सल्ला इतरांना दिलासा देतो, तो शीख रुग्णाला तसाच देता येत नाही. सल्ला देणाऱ्याने रुग्णाच्या केसांचा अर्थ आधी विचारला पाहिजे.

उपचारासाठी या भागातील लोक पूर्वीपासून लांबचा प्रवास करीत आले आहेत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये व हैदराबादचे मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय १९५५ मध्ये स्थापन झाले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. परगावच्या रुग्णालयात केशहीन मस्तकाकडे कोणी वळून पाहत नाही, कारण शेजारच्या खाटेवरही तसेच डोके असते. खरी परीक्षा गावच्या स्थानकावर उतरताना होते. कर्करोगाचा नामोच्चार टाळून ‘गाठ’ किंवा ‘मोठा आजार’ असे म्हणणाऱ्या घरात केस जाणे म्हणजे गुपित फुटणे होय. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील, तर हे फुटणे आणखी जड जाते. आईला ओळखू न शकलेले तान्हे मूल रडते, तो घाव कोणत्याही तपासणीत नोंदला जात नाही.

या दुःखाची शास्त्रीय नोंद उशिरा झाली. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कोट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनी चिकित्सेतील त्रासांचा क्रम रुग्णांनाच लावावयास सांगितला, तेव्हा उलटी व मळमळ यांच्या पाठोपाठ केशहानी तिसरी आली. पुढे १९९० नंतर उलटीवर प्रभावी औषधे आली. केशहानीचा प्रश्न तसाच राहिला. केस जातील म्हणून उपचारच नाकारणाऱ्या किंवा अर्ध्यावर सोडणाऱ्या स्त्रिया निरनिराळ्या देशांत आढळल्या आहेत. ‘जीव वाचतो आहे, केसांचे काय?’ हे त्यांना दिले जाणारे उत्तर बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी उपचारकाळातील आपली केशहीन छायाचित्रे स्वतः प्रसिद्ध केली. त्यामुळे या विषयावर उघडपणे बोलणे काहीसे सोपे झाले; तथापि प्रसिद्ध नटीला जे धैर्य म्हणून शोभते ते बाजारपेठेच्या गावातील सुनेला परवडेलच असे नाही.

उपायांत रुमाल, फेटा, टोपी, पदर ही जुनी साधने अजूनही सर्वांत सुलभ आहेत. गंगावनाचा उपयोग केस विरळ झाले असतील तरच होतो. सर्व केस गेल्यास टोप लागतो व चांगला टोप महाग पडतो. औषध देताना डोक्याची त्वचा थंड ठेवून तेथील रक्तपुरवठा कमी करण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात पुढे आली. अमेरिकेत अशा शीतटोपाला २०१५ मध्ये शासकीय मान्यता मिळाली आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली आहे. तिचा लाभ सर्वांना सारखा होत नाही, रक्ताच्या कर्करोगात ती वापरीत नाहीत आणि लहान शहरांत ती क्वचितच उपलब्ध असते.

उपचार संपल्यावर बहुधा तीन ते सहा महिन्यांत केस पुन्हा दिसू लागतात. प्रथम येणारे केस मऊ, कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे असतात आणि जुन्या वळणावर यायला त्यांना वेळ लागतो. डोसेटॅक्सेलसारख्या काही औषधांनंतर थोड्या रुग्णांत ते पूर्ववत येत नाहीत. ही शक्यता पहिल्या मात्रेपूर्वीच, रुग्णाच्या भाषेत, सांगावी लागते.